उठल्यावर कुणाशी बोलायचं नाही

माणसं लिफ्टमध्ये अर्धीच गोष्ट सांगतात. घाटकोपरच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये मी लिफ्टमन होतो, म्हणून ठाऊक. तळमजल्यावर "अहो, काल काय झालं माहितीये का" असं सुरू व्हायचं आणि चौथ्या मजल्यावर मी जाळीचा दरवाजा सरकवला की माणूस निघून जायचा. पुढचं काय? ते त्याच्या घरात. माझ्याकडे नुसत्या सुरुवाती साठत गेल्या.

मग त्या लिफ्टचं दार आपोआप उघडायला लागलं आणि मी मुलुंडला मुलाकडे येऊन बसलो. वाटलं, संपल्या गोष्टी. झालं उलटंच! सोसायटीत बकुळीखाली एक बाक आहे, तिथे बसायला लागलो आणि गोष्टी पुऱ्या मिळायला लागल्या. त्यातही माझी नात केतकी ऑनर्सच्या मागे लागली त्या वर्षीच्या तर इतक्या, की एक उचलायला जावं तर चार हाताला लागतात. कोळंबीसारख्या, मिशांत मिशा अडकलेल्या.

मी शाळा पाहिलेली नाही. आकडे येतात ते लिफ्टमधल्या मजल्यांपुरते. म्हणून मी सावकाश सांगतो आणि केतकी शेजारी बसून टाइप करते. काही राहिलं तर माझं, काही जास्त झालं तर तिचं.

* * *

पहिला किस्सा आमच्या जेवणाच्या टेबलावरचा.

केतकी मुलुंडच्याच एका कॉलेजात. विषय मानसशास्त्र, म्हणजे माणसाच्या डोक्यात काय चालतं ते. हल्ली म्हणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. पण ज्याला मार्क आहेत आणि हौस आहे त्याला चौथं वर्ष थांबता येतं. त्या वर्षात पुस्तकातलं कमी, स्वतः काहीतरी शोधायचं जास्त. त्याला ऑनर्स म्हणतात. जागा थोड्या. जागा हवी तर आधी एक छोटा अभ्यास करून दाखवायचा आणि मोठ्या सरांसमोर उभं राहून सांगायचा.

"सगळे तीन वर्षांत सुटतात," सुनीता म्हणाली, "आणि तुला जास्त राहायचंय? शिक्षा झालीय का?"

सुनीता माझी सून, केतकीची आई. अंधेरीला एका कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर असते. दिवसभर लोकांना "पुढे" म्हणायची सवय, त्यामुळे घरातही कुणी थांबलेलं तिला बघवत नाही. माझा मुलगा बस चालवतो. घरातल्या वादात त्याचा स्टॉप येत नाही, तो सरळ पुढे जातो.

केतकी माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्हाला स्वप्नं पडतात?"

"पडतात की."

"मला म्हाताऱ्या माणसांच्या स्वप्नांवर अभ्यास करायचाय. साठीच्या पुढची माणसं हवीत. तुम्ही माझे सँपल व्हाल?"

मी विचार करत होतो. मला विचार करायला वेळ लागतो. तेवढ्यात सुनीताने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "इतकी वर्षं सासरे होते, आता सँपल झाले! मला एवढंच सांग, सँपलला रात्री ताक चालतं ना?"

* * *

एका सँपलवर भागेना. म्हणून केतकी बाकावर आली.

बाकावर आम्ही चौघं. लेलेसाहेब ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरीला होते, इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय गच्चीवरही जात नाहीत. दिगू गोरेगावच्या स्टुडिओत लाइटवाला होता, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला. परबमावशी देवगडकडच्या, मासे आणि बोलणं यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आणि चौथा मी.

केतकीने नियम सांगितला. "उठल्यावर कुणाशी बोलायचं नाही. बोललं की स्वप्न पुसलं जातं. तसंच गप्प इथे यायचं. मी कॉलेजला जायच्या आधी मोबाइल घेऊन बसते. आधी नाव, मग वय, मग स्वप्न. त्यानंतर चहा, बोलणं, काय ते."

लेलेसाहेब म्हणाले, "पद्धत बरोबर आहे. पण मला स्वप्नं पडत नाहीत. आमच्या कामात ती सवयच नव्हती."

दिगू म्हणाला, "झकास! कॉलटाइम किती? किती वाजता हजर?"

परबमावशी बराच वेळ गप्प राहिल्या. असं कधी होत नाही. मग म्हणाल्या, "सगळा बरोबर गो. पण उठल्याबरोबर बोलूचा नाय, तर मगे उठूचा कित्याक?"

* * *

थंडीचे दिवस होते. सोसायटीमागचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला असायचा, बकुळीखाली पाय ठेवला की फुलं ओली लागायची. त्या धुक्यातून आम्ही चौघं चार बाजूंनी बाकाकडे यायचो. हळूहळू. काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चालावं तसे. मान जरा ताठ, ओठ मिटलेले. समोर कुणी आलं तर हात जोडायचे, की पुढे. एकमेकांकडे बघायचो, पण हसायचो बेतानं, सांडू नये म्हणून.

सोसायटीत बोंब झाली. बाकावरच्यांचं भांडण झालं! सेक्रेटरी मिटवायला आला. त्याने लेलेसाहेबांना विचारलं, "साहेब, पार्किंगवरून का?" साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं. मला विचारलं, मी आकाशाकडे बघितलं. दिगूला विचारलं, त्याने हाताने 'कट' केलं.

सेक्रेटरी हळूच म्हणाला, "एवढं मोठं भांडण? मग मला नका सांगू."

* * *

परबमावशींचं तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरपर्यंत गेलं.

सकाळी त्यांचा मुलगा उठला. "आई, चहा?" मावशी गप्प. "आई, बरं वाटत नाही?" मावशींनी मान हलवली. ती हो होती की नाही, कुणाला कळलं नाही. जिचा आवाज खालच्या मजल्यावर पोचायचा ती आई बोलेना! मुलाचा धीर सुटला. खालच्याच मजल्यावरच्या डॉक्टरला त्याने बनियनवर वर आणला.

"मावशी, जीभ दाखवा." दाखवली. "हात वर करा." केले. "हसा बघू." हसल्या. "आता नाव सांगा." मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे बोट केलं. डॉक्टर दाराकडे बघतोय तोवर मावशी चपला घालून बाहेर! मागे मुलगा, त्याच्यामागे बनियनवरचा डॉक्टर, अशी वरात बाकापर्यंत आली.

मावशींनी केतकीचा मोबाइल तोंडाशी धरला, नाव-वय सांगितलं आणि स्वप्न सांगितलं. स्वप्नात त्या देवगडच्या बंदरावर उभ्या होत्या. समोर होड्याच होड्या. त्या एकेका होडीशी बोलत होत्या आणि होड्या ऐकत होत्या. एकही होडी मध्ये बोलली नाही.

मग मोबाइल परत दिला, पदर खोचला आणि डॉक्टरकडे वळल्या.

"हां, आता विचार मेल्या. काय विचारीत होतंस?"

* * *

दिगूला स्वप्नं भरपूर पडायची. पण तो खूश नसायचा.

"काल एक भारी पडलं होतं. समुद्र, पांढरा घोडा, माझी बायको घोड्यावर, वीस वर्षांची. पण काय सांगू केतकी, सगळं लाइट पाठीमागून! तिचा चेहराच दिसेना."

"चालेल काका. जसं पडलं तसं सांगा."

"नाही गं. हे ठेवू नकोस. आज रात्री मी परत घेतो."

"काका, स्वप्नात रीटेक नसतो!"

दिगूचा चेहरा पडला. तो पुटपुटत बकुळीला एक फेरी मारून आला. दुसऱ्या दिवशी धुक्यातून आला तो ओठ मिटून, पण डोळे नुसते चमकत होते. केतकीने मोबाइल सुरू केला.

"नाव दिगंबर. वय तेच. समुद्र तोच, घोडा तोच," दिगू म्हणाला. "लाइट समोरून घेतलं."

"मग काकूंचा चेहरा दिसला?"

"दिसला की! म्हणाली, डोळ्यांवर येतंय, बंद करा ते."

* * *

लेलेसाहेबांचं दुःख वेगळं. त्यांना खरंच काही पडेना.

रोज सकाळी कडक इस्त्रीत यायचे, बाकावर बसायचे, मोबाइलमध्ये म्हणायचे, "लेले. वय नोंदवलेले आहे. काही नाही." केतकी सांगायची, "काका, काही नाही हेसुद्धा उपयोगाचं असतं." पण माणूस आतून खचत चालला होता. एकदा मला म्हणाले, "गंगारामराव, सगळे काहीतरी घेऊन येतात. मी रिकाम्या हाताने येतो. पोरीच्या ऑनर्सचा प्रश्न आहे."

हे परबमावशींनी ऐकलं. त्यांना रात्रीत तीन-तीन पडायची. त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं. "माझा एक घेवा. परवाचा आसा, वापरलेला नाय."

दुसऱ्या दिवशी लेलेसाहेबांनी मोबाइल हातात घेतला. आवाज नेहमीसारखाच, स्पष्ट.

"काल रात्री मी ओट्यावर बसून बोंबील साफ करत होतो. बोंबील ताजे होते. ते संपत नव्हते."

लेलेसाहेब जन्माचे शाकाहारी. त्यांच्या घरी अंड्याचा केकसुद्धा जिन्यात खातात.

केतकीने अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, तुम्ही बोंबील खाता?"

लेलेसाहेबांनी चष्मा पुसला. "नाही," ते म्हणाले. "फक्त साफ करतो."

ते स्वप्न केतकीने पुसून टाकलं. परबमावशी आठवडाभर हळहळत होत्या, "चांगला होता गो, माझा माका तरी परत देवचा!"

* * *

आता माझं एक सांगतो. यात हसण्यासारखं फार नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही.

मला स्वप्न पडतं ते लिफ्टचंच. मी स्टुलावर बसलोय, हात दांडीवर. लिफ्ट वर जातेय. शेवटचा मजला आला, पण ती थांबत नाही. गच्ची गेली, पाण्याची टाकी गेली, कबुतरं गेली. मला भीती वाटत नाही. लिफ्टला कुठे जायचंय ते लिफ्टला माहीत, माझं काम दार उघडायचं. मग एका जागी ती अलगद टेकते. मी जाळी सरकवतो. समोर आमच्या गावचा पाणंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वर काजूच्या फांद्या. आणि माझी मंडळी डोक्यावर टोपली घेऊन उभी आहे. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

ती म्हणते, "किती उशीर! मी कधीची बटण दाबतेय."

मी म्हणतो, "आत ये."

ती म्हणते, "भरलेली आहे ना." मी मागे बघतो, तर लिफ्टमध्ये कुणीच नाही.

एवढंच.

त्या दिवशी ताप होता म्हणून मी बाकावर गेलो नव्हतो, घरीच पलंगावर बसून सांगितलं. केतकीने मोबाइल बंद केला. स्वयंपाकघरात सुनीताचं ऑफिसचा डबा भरणं चालू होतं. सुनीताची सकाळ म्हणजे आवाजाची. कुकरच्या शिट्टीच्या आधी तिचा आवाज सुरू होतो, 'पाणी भरा, कपडे द्या, दूध उतू जातंय'. पण माझं सांगणं चालू असताना तो थांबलेला मला जाणवला.

ती हात पुसत दारात आली.

"बाबा, आई कुठल्या साडीत होत्या?"

मी खूप आठवलं. "नाही गं लक्षात आलं."

सुनीता आत वळली. मग डबा पिशवीत टाकत म्हणाली, "उद्या नीट बघून या."

* * *

परबमावशींनी एकदा सुनीतालाही बाकावर धरलं. "तू पण सांग गो एखादा. तुझ्या चेडवाच्या, केतकीच्या, उपयोगी पडात."

"मी साठची नाही, मावशी. मला घेत नाहीत," सुनीता म्हणाली. "आणि स्वप्नं बघायला रजा टाकावी लागते. माझ्या रजा संपल्यात."

आणि घाईघाईने रिक्षा पकडायला गेली.

* * *

मग उन्हाळ्यात रिझल्ट लागला. केतकीला मार्क चांगले पडले, आणि त्याच आठवड्यात नोकरीही लागली. अंधेरीलाच, एका मोठ्या ऑफिसात, माणसं भरती करण्याच्या खात्यात. सुनीताने कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. आणि ऑनर्सची मुलाखत शुक्रवारी. जागा मिळाली तर त्याच दिवशी दुपारपर्यंत घरच्यांना विचारून हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर जागा पुढच्याला.

गुरुवारी जेवताना दोघींची जुंपली.

"आई, एक वर्ष फक्त!"

"एक वर्षाने ही नोकरी तिथेच बसून राहणार आहे का तुझी वाट बघत?"

"मला हे आवडतं गं. सकाळी ते सगळे तोंड मिटून येतात ना, मला वाटतं मी काहीतरी खरं करतेय."

"आवडतं!" सुनीता म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "केतू, मी नाही म्हणत नाहीये. मला भीती वाटते. आवडीचं करायला गेलेली माणसं मी काउंटरवर बघते. पार्सल पाठवायचे पैसेसुद्धा चिल्लर मोजून देतात."

"म्हणजे नाहीच ना?"

सुनीताने भांडी उचलली.

माझ्या मुलाने विचारलं, "लोणचं आहे का?"

* * *

शेवटचा किस्सा शुक्रवारचा. हा मी अजून कुणाला पुरता सांगितलेला नाही.

मोठ्या सरांना शंका होती. ही स्वप्नं खरी सांगतात की गप्पा मारतात? म्हणून त्यांनी केतकीच्या मॅडमना निरोप दिला होता की सँपल घेऊन या, आम्ही बोलू त्यांच्याशी. केतकीने आम्हाला बजावलं होतं, "सगळे या, पण नेहमीसारखे या. नटूनथटून नको."

आम्ही नेहमीसारखे आलो.

सकाळी उठलो तर घर गप्प. कुकर शिट्टी देत होता, एकटाच. सुनीताने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, काही न बोलता. मी पीत नाही, स्वप्न सांगितल्याशिवाय, हे तिला माहीत आहे, तिने वर ताटली झाकली. केतकी "आई, येते" म्हणाली. सुनीताने साडी बदलली होती. तिने पर्स उचलली आणि आमच्याबरोबर खाली उतरली. ऑफिसला दांडी? केतकीने विचारलं, "तू येतेयस?" सुनीताने नुसती मान डोलावली. केतकीचे डोळे भरले. रात्रीचा राग एवढा, की बोलतसुद्धा नाही! मलाही तेच वाटलं.

दोन रिक्षा केल्या. केतकी मावशी आणि दिगूबरोबर पुढे गेली. आमच्या रिक्षात मी, लेलेसाहेब आणि सुनीता. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" लेलेसाहेबांनी पुढच्या रिक्षाकडे बोट दाखवलं. थोडं पुढे गेल्यावर त्याने विचारलं, "लेफ्ट?" तिघांनी मान हलवली. "सिग्नलसे राइट?" तिघांनी मान हलवली. कॉलेज आलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "आज कौनसा उपवास है, बाबा?"

मुलाखतीच्या खोलीबाहेर एक टेबल. मोबाइल तिथे जमा करायचे, आत न्यायचे नाहीत. केतकीने मोबाइल टेबलावर दिला. सुनीता बाहेरच्या बाकावर बसली. आम्ही चौघं आत.

मोठे सर, दुसरे एक सर आणि केतकीच्या मॅडम. केतकीने छान सांगितलं. मला सगळं कळलं नाही, पण तिचा आवाज आधी थरथरत होता आणि मग सरळ झाला, तेवढं कळलं. मग मोठे सर आमच्याकडे वळले.

"नमस्कार! काय आजोबा, काय स्वप्न पडलं?"

मी हात जोडले.

"सांगा ना. घाबरू नका."

मी केतकीकडे बघितलं. मोबाइल कुठे आहे?

सरांनी मावशींना विचारलं. मावशींचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, पण ओठ उघडले नाहीत. मी त्यांना इतक्या त्रासात कधी पाहिलं नव्हतं. दिगूने वरच्या ट्यूबलाइटकडे बघून नापसंतीने मान हलवली. लेलेसाहेब ताठ बसले होते, छातीवर हात ठेवून, म्हणजे आत काहीतरी होतं. त्यांच्या आत! इतक्या महिन्यांनी!

"हे बोलत का नाहीत?" मोठ्या सरांचा आवाज चढला. "केतकी, हे काय नाटक आहे?"

केतकीच्या तेव्हा लक्षात आलं. "सर... मी म्हटलं होतं नेहमीसारखे या. ते उठल्यापासून कुणाशीही बोललेले नाहीत. आधी मोबाइलमध्ये सांगायचं असतं. आणि माझा मोबाइल बाहेर आहे." ती आमच्याजवळ आली. "काका, आज तसंच बोललात तरी चालेल. प्लीज. माझी जागा जाईल."

लेलेसाहेबांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम.

मोठे सर आमच्याकडे बघत राहिले. चौघं म्हातारे एका ओळीत, तोंडं मिटून. पंखा फिरत होता. कुठूनतरी कॅन्टीनच्या कांदाभजीचा वास आला. मग त्यांनी खिशात हात घातला आणि स्वतःचा मोबाइल काढला.

"घ्या," ते म्हणाले. "माझ्यात सांगा."

मावशींनी तो जवळजवळ ओढूनच घेतला! त्या सगळ्यात आधी, मग दिगू, मग मी. सर हनुवटी तळहातावर टेकवून ऐकत होते. दिगूचं संपलं तेव्हा त्यांनी स्वतः उठून ट्यूबलाइट बंद केली. शेवटी मोबाइल लेलेसाहेबांकडे गेला.

"लेले," साहेब म्हणाले. "काल रात्री मला स्वप्न पडलं."

"सांगा, सांगा," सर पुढे झुकले.

"माफ करा. ते माझ्या जुन्या ऑफिसच्या आवारात घडलं आहे. तिथलं बाहेर बोलता येत नाही."

मॅडमनी तोंडावर पदर धरला. मोठे सर मात्र हसले नाहीत. केतकीला म्हणाले, "जागा तुझी. घरी विचार आणि दुपारपर्यंत सांग. आणि हे लोक सकाळी कुठे भेटतात, तो पत्ता मला दे."

आम्ही बाहेर आलो. सगळे एकदम बोलायला लागले. कोंडलेलं सगळं! मावशी तर भिंतीशीही बोलत होत्या. केतकीने टेबलावरून मोबाइल परत घेतला आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मिळाली. दुपारपर्यंत सांगायचंय." सुनीता तिच्याकडे बघत होती. "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण काहीतरी बोल ना गं. सकाळपासून एक शब्द नाही. एवढी रागावलीस?"

सुनीताने नाही अशी मान हलवली. ओठ मिटलेलेच. मग तिने बोटाने केतकीच्या हातातला मोबाइल दाखवला.

केतकीला कळेना. मला कळलं. परबमावशी बोलता बोलता थांबल्या. दिगूने हळूच "सायलेन्स" म्हटलं.

केतकीने मोबाइल सुरू केला आणि आईच्या तोंडाशी धरला.

सुनीताने घसा साफ केला. त्या दिवशीचा तिचा पहिला शब्द.

"नाव सुनीता. साठला अजून वेळ आहे," ती म्हणाली. "काल रात्री मी शाळेत होते, खिडकीजवळच्या बाकावर. शाळा सुटायची वेळ होऊन गेली होती. शिपायाला घंटा द्यायची आठवणच नव्हती. वेळ झालीय हे वर्गात फक्त मला माहीत होतं. आणि मी कुणाला सांगितलं नाही."